तेवीस क्रमांकाचे रीळ

मित्रांनो, माझ्या पाठीवर पूर्वी पितळेची एक पट्टी होती. तिच्यावर माझे नाव, माझा कारखाना आणि माझा क्रमांक कोरलेला होता. ती पट्टी केव्हा गळून पडली, ते मला कळले नाही. तेव्हापासून मी नुसता एक जुना टेपरेकॉर्डर आहे. नाव नसणे म्हणजे काय, हे मला थोडेफार कळते, आणि म्हणूनच ही हकीकत सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

हल्ली तुम्ही पाहता तसा, हातात धरून नेण्याजोगा मी नाही. मला उचलायला दोन्ही हात आणि थोडा निश्चय लागतो. माझ्या माथ्यावर दोन रिळे बसतात. डाव्या रिळावरची तपकिरी फीत सरकत सरकत उजव्या रिळावर जाते आणि जाता जाता आवाज टिपून घेते किंवा टिपलेला आवाज ऐकवते.

माझ्या घडणीतल्या दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सारे त्यांच्यावर उभे आहे.

पहिली गोष्ट वेगाची. माझ्या कडेला एक खटका आहे. तो खाली ओढला की फीत संथ चालते आणि एक रीळ बत्तीस मिनिटे पुरते. तो वर ढकलला की फीत दुप्पट वेगाने धावते, आवाज अधिक स्वच्छ उमटतो, पण तेच रीळ सोळा मिनिटांत संपते. संथ वेगावर टिपलेला आवाज जलद वेगावर वाजवला, तर भारदस्त माणूसही चिमणीसारखा किलबिलतो.

दुसरी गोष्ट पुसण्याची. फितीच्या वाटेवर माझी दोन हेडे आहेत. डावीकडचे पुसण्याचे आणि त्याच्या पुढचे लिहिण्या-वाचण्याचे. तांबडे बटण दाबले की डावीकडचे हेड जागे होते. नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसलेच पाहिजे, असा माझ्या रचनेचा क्रम आहे. तो क्रम मला बदलता येत नाही. बटण दाबणाऱ्याला थांबवता येत नाही. मला फक्त आज्ञा पाळता येते.

माझी पहिली वर्षे शहराच्या सदर भागातल्या एका भाषावर्गात गेली. तिथे विद्यार्थी तीच ती वाक्ये माझ्यासमोर पुन्हा पुन्हा म्हणत आणि मी ती त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवी. वर्ग बंद पडल्यावर मी भैयाजींच्या दुरुस्तीच्या दुकानात आलो. भैयाजी कान लावून यंत्राचा आजार ओळखत. १९६८ च्या उन्हाळ्यात त्यांनी माझे चाक बदलले, हेडे स्पिरिटने पुसली आणि समोर उभ्या असलेल्या एका सडपातळ तरुणाला म्हटले, "घेऊन जा गा जागेश्वर. दुकानात पडून राहिला तर गंजून जाईन बिचारा."

जागेश्वर निखारे तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन हिंगण्याच्या एका कारखान्यात देखभाल विभागात लागला होता. त्याचे घर तांडापेठेत, विणकरांच्या वस्तीत. घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला हातमाग होता आणि त्या खड्ड्यात पाय सोडून त्याचे वडील नत्थूजी दिवसभर लुगडी विणीत. विणायचे सूत गुंडाळून कांड्या भरण्याचे काम त्याची आई रुख्माबाई करी. जागेश्वरने मला उंबऱ्याच्या आत ठेवले तेव्हा तिने मला चारही बाजूंनी पाहिले.

"हे काय आणलं गा? शिलाई मशीन होय?"

"नाही आई. आवाज धरून ठेवते हे."

"तुह्या बापाचा धर मग. सकाळपासून माह्यावर वरडून राहिला."

मागाच्या खड्ड्यातून उत्तर आले, "वरडीन नाही त काय करीन वं? कांडी कुठं आहे?"

त्या घरात माझे स्वागत असे झाले.

जागेश्वरला गाता येत नव्हते आणि त्याने कोणते वाद्यही शिकले नव्हते. पण तंत्रनिकेतनात त्याने एक गोष्ट पाहिली होती: विजेच्या प्रवाहाला योग्य वाटेने गोल फिरवले की त्यातून स्वर निघतो. त्याने मोडक्या रेडिओंतले सुटे भाग जमवून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अशी एक रचना बसवली. डब्याला तीन बटणे होती. एक फिरवले की स्वर चढे, दुसरे फिरवले की तो थरथरे, तिसऱ्याने तो मोठा होई. घरात सगळे त्याला 'डबा' म्हणत. डबा गाई, मी टिपून घेई आणि जागेश्वर रविवारी दिवसभर बसून ते तुकडे ब्लेडने कापी, जोडी, उलटे वाजवी, संथ करी. आपल्यासारखे हे कोणी करत असेल, याची त्याला कल्पना नव्हती. कारखान्याच्या बसमध्ये शालिकराम भेटेपर्यंत तरी नव्हती.

शालिकराम त्याच कारखान्यात वेल्डर होता. त्याला सगळे आवाज आवडत. त्याच्याकडे स्वतःचे यंत्र नव्हते, म्हणून रविवारी तो आपली रिळे पिशवीत घालून आमच्याकडे येई. त्याच्या आणि जागेश्वरच्या स्वभावातला फरक त्यांच्या अपुऱ्या रचनांकडे पाहिले की कळे.

शालिकराम आधी नाव ठेवी आणि मग रचना करी. कित्येकदा नुसतेच नाव ठेवी. त्याच्या खोक्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेले असे: 'सायबाची शिंक', 'हिंगण्याची बस, पंक्चर', 'सासरे आले'. 'सासरे आले' मध्ये अडीच मिनिटे दार वाजत असे आणि कोणी उघडत नसे. ती रचना त्याने कधीच पुरी केली नाही. त्याची रिळे पिठाच्या रिकाम्या डब्यात कशीही कोंबलेली असत. पण हवे ते रीळ त्याला क्षणात सापडे.

जागेश्वरचे सारे नेमके होते. त्याच्याजवळ एक नोंदवही होती आणि तिच्यात पट्टीने आखलेले रकाने होते: क्रमांक, तारीख, वेग, कंपनसंख्या, स्थिती. शेवटच्या रकान्यात बहुधा एकच शब्द असे, 'अपूर्ण'. रीळ अपुरे असेपर्यंत खोक्यावर फक्त क्रमांक, तोही शिसपेन्सिलीने. रचना पुरी झाली की मगच तो टाक आणि काळी शाई घेऊन नाव लिही. एकेचाळीस रिळांपैकी चारच नावापर्यंत पोहोचली होती.

"तुह्या टेपा म्हंजे जेलातले कैदी आहेत बे," शालिकराम म्हणे. "नंबरानंच बोलवतो."

"अन् तू त लग्नाआधीच पोरायचे नावं ठेवून राहिला."

"मग? लग्न झालं का नाव विचारत बसा लागत नाही."

हा क्रमांकांचा नियम जागेश्वरला तंत्रनिकेतनात मिळाला नव्हता. तो मागाच्या खड्ड्यातून आला होता. त्या घरात मागावरच्या लुगड्याला कधी नाव घेऊन हाक मारीत नसत. ते 'मागावरचं' एवढेच असे. शेवटचा धागा बसला, लुगडे कापून उतरवले, त्याची घडी पडली, की मग त्याच्या काठावरून त्याचे नाव घ्यायचे. कोणी आधी विचारलेच, तर नत्थूजी मान न उचलता सांगत, "मागावर आहे तवर नाव घ्याचं नाही. नाव घेतलं का धागा तुटते." आणि अर्धे लुगडे कोणाला दाखवायचेही नाही, कोणी आले तर त्यावर फडके टाकायचे.

धागा तुटण्याच्या समजुतीला जागेश्वर हसे. पण नोंदवहीच्या पहिल्या पानावर त्याने जे नियम लिहिले, त्यांत तीच रीत 'शिस्त' या नावाने आली. नियम एक: अपूर्ण रचनेस नाव देऊ नये. नियम दोन: अपूर्ण रचना कोणास ऐकवू नये. आणि तिसरा नियम त्याचा स्वतःचा होता: क्रमांकाचे रीळ पाच वर्षे अपूर्ण राहिल्यास ते कोरे समजावे.

तो तिसरा नियम लिहिला गेला तेव्हा मी शेजारीच होतो. मला तो वाचता आला. मला काहीच म्हणता आले नाही.

आता तेविसाव्या रिळाकडे येतो.

१९७४ च्या डिसेंबरातला एक रविवार होता. जागेश्वरच्या मनात आले की डब्याच्या एकसुरी स्वराखाली मागाचा ठेका धरावा. त्याने माइक खड्ड्याच्या काठावर ठेवला, डबा सुरू केला, माझा खटका संथ वेगावर ओढला आणि तांबडे बटण दाबले. त्याच वेळी नत्थूजींचा धागा तुटला. ते तो जोडत बसले. फीत चालूच होती. डबा भुंग्यासारखा गुणगुणत होता. पहिली चार-साडेचार मिनिटे माझ्यात त्या गुणगुणीशिवाय काही उतरले नाही.

मग नत्थूजींचा आवाज आला. "बंद कर गा ते. डोकं भणभणून राहिलं माह्यं."

"बाबा, तुम्ही विणा. ते चालू राहू द्या."

"तुले काय पाह्यजे नेमकं?"

"तुम्ही रोज करता तेच."

नत्थूजी रोज करीत ते असे: आडवा धागा वाहणारा धोटा एका हातातून दुसऱ्या हातात फेकताना ते मोजत. काठाच्या नक्षीचा एक फेर सोळा धोट्यांचा होता. एक ते सोळा, पुन्हा एक ते सोळा. मोजताना त्यांचा आवाज थोडा लांबे, थोडा झुले, आणि मध्येच ते धोट्याला माणसासारखे हाक मारीत, "चाल गा, चाल." माग दणके देई, धोटा सळसळे आणि त्याखाली डब्याचा स्वर दूरच्या तळ्यासारखा पसरून राही. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ आवाज टिपले, पण त्या सत्तावीस मिनिटांसारखे टिपण माझ्याकडून पुन्हा झाले नाही. फीत संपली तेव्हा नत्थूजी एका फेराच्या मध्येच होते. तेरा म्हणाले आणि फितीचे टोक सुटून फटफटू लागले.

जागेश्वरने वहीत लिहिले: क्रमांक २३. वेग संथ. कंपनसंख्या एकशे वीस. स्थिती अपूर्ण. 'बाबा' हा शब्द कोठेही नव्हता, 'माग' हा शब्दही नव्हता. कारण शब्द लिहिणे म्हणजे नाव ठेवणे झाले असते. पुढे पुरे करू, असे म्हणून त्याने रीळ खोक्यात घातले.

दोन वर्षांनी तो माग उठला. हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक राहिले नव्हते आणि नत्थूजींचे गुडघे खड्ड्यात उतरेनात. खड्डा बुजवून वर फरशी घातली गेली. मागाचे जाड लाकूड जागेश्वरने वाया जाऊ दिले नाही. त्याने त्याचे रिळांसाठी मांडणीचे कपाट केले. वरच्या फळीवर मी आणि खाली एकेचाळीस खोकी, क्रमांकवार. त्या लाकडाला नत्थूजींच्या हाताचा गुळगुळीतपणा होता. ते येता-जाता त्यावर बोटे टेकवीत.

१९७९ साली नत्थूजींना लकवा झाला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. त्यांची खाट मागाच्या जुन्या जागी, माझ्या कपाटाला लागूनच टाकण्यात आली. ते सगळे ऐकत, सगळे समजत; पण तोंडातून एक घोगरा सूर सोडून काही निघत नसे. त्या घरात आता आम्ही दोघे असे होतो, ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे होते आणि ज्यांना ते सांगता येत नव्हते. फरक एवढाच, की मला कोणी बटण दाबले तर बोलता येई. त्यांना बटण नव्हते.

एके दिवशी रुख्माबाई भाकरी करता करता म्हणाली, "जागेश्वर, त्यायचा आवाज धरला होता ना गा तू? मागावरचा?"

"आहे आई. खाली कपाटातच आहे."

"मग लाव ना. वर्स झालं, आवाज आयकला नाही त्यायचा. आता त सपनातही बिनबोलाचेच येते."

खाटेवरून नत्थूजींची मान वळली. डाव्या हाताची बोटे कपाटाच्या लाकडावर आली. जागेश्वरने ते पाहिले. त्याचा चेहरा मला समोरून दिसत होता, म्हणून सांगतो, त्याला लावायचे होते. पण तो म्हणाला, "अपुरं आहे ते अजून. कोनतं रीळ ते पाहा लागते, मग नीट जोडा लागते. पुरं करतो अन् मग आयकवतो. असं अर्धं काय आयकवाचं?"

रुख्माबाई विणकराच्या घरची. अर्धे दाखवायचे नाही, हे तिला पटण्यासारखेच होते. ती म्हणाली, "बरं. पण लवकर कर गा."

त्यानंतर कारखान्यातल्या पाळ्या आल्या, दवाखान्याच्या फेऱ्या आल्या. चांगले करण्यासाठी माणसे काम पुढे ढकलतात, हे मी तेव्हा पाहिले. दुष्टपणाने ढकलले असते तर निदान कोणी त्यांना टोकले असते.

१९८१ साली तंत्रनिकेतनाच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. जागेश्वरला निरोप आला की तुमच्या त्या डब्याच्या संगीताचा पंधरा मिनिटांचा नमुना ऐकवा. तेरा वर्षांत त्याला कोणी असे विचारले नव्हते. त्याने एक नवी रचना मनात बांधली आणि कोऱ्या रिळासाठी सदरला गेला. भैयाजींच्या दुकानात आता काचेमागे कॅसेटी होत्या. "स्पूल आता कोनी ठेवत नाही गा," भैयाजी म्हणाले. "जुनंच एखादं पुसून घे."

जुने पुसून घेण्यासाठी वहीत नियम होताच.

रविवारची दुपार होती. रुख्माबाई अंगणात गहू निवडत होती. नत्थूजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. जागेश्वरने पाच वर्षांहून जुन्या खोक्यांपैकी अकरा ओळीने मांडली. तो निष्काळजी नव्हता, हे मी पुन्हा सांगतो. प्रत्येक रीळ चढवून तो वहीतल्या वेगावर एक मिनिट ऐके, मग बाजूला ठेवी. त्याच्या अंदाजाने मागाचे रीळ तिसाच्या पुढे कोठेतरी होते. सतराव्यात टर्र आवाज, एकोणिसाव्यात फीत चुरगळलेली, बाविसाव्यात जोड सुटलेला. मग त्याने तेविसावे चढवले.

डब्याची गुणगुण सुरू झाली. एकशे वीस कंपनांचा तो सपाट, एकसुरी स्वर.

जागेश्वरने फीत बोटांत धरून पाहिली. ती नव्यासारखी होती. नव्यासारखीच असणार, टिपल्यापासून तिला कोणी वाजवलेच नव्हते. "हे बरं आहे," तो स्वतःशी म्हणाला. "काहीच नाही यात."

त्याच क्षणी नत्थूजींनी तो स्वर ओळखला. ज्या स्वराने त्यांचे डोके भणभणले होते, तो ते विसरले नव्हते. त्यांच्या घशातून घोगरा सूर निघाला. डावा हात उठला आणि माझ्या कपाटाच्या लाकडावर आपटला. एकदा. पुन्हा. पुन्हा. तो मागाचा ठेका होता, मित्रांनो. त्याच लाकडावर मी उभा होतो. ते ठोके माझ्या पायांतून थेट आत आले. मी तो ठेका ओळखला. आणखी तीन-साडेतीन मिनिटे थांब, असे ते सांगत होते. मीही तेच सांगत होतो. पण माझ्यातून त्या वेळी फक्त गुणगुण ऐकू येत होती.

"झालं बाबा, झालं," जागेश्वर म्हणाला. "तरास होते ना आवाजाचा? बंद करतो." आणि त्याने मला थांबवले.

नत्थूजींनी मान हलवली. ते हात आपटतच राहिले. रुख्माबाई अंगणातून धावत आली. "पानी पाह्यजे का? अंग फिरवू का? जागेश्वर, काहून हात आपटून राहिले गा हे?"

"आवाजानं डोकं दुखते त्यायचं. आता वायरीनं घेतो आई, घरात काही आयकू येनार नाही."

त्याने डब्याची तार सरळ माझ्या पोटात जोडली. माइक काढून ठेवला. फीत पहिल्या टोकाला आणली. मेळाव्यासाठी आवाज स्वच्छ हवा, म्हणून खटका वर, जलद वेगावर ढकलला. मग त्याने तांबडे बटण दाबले.

रुख्माबाईने नत्थूजींना पाणी पाजले. ते पाणी त्यांच्या हनुवटीवरून खाली आले. ते माझ्याकडे पाहत होते आणि मी पुसत होतो. गुणगुण पुसली. मग "बंद कर गा ते" पुसले. मग पहिले एक ते सोळा. मग दुसरे. डावीकडचे हेड फितीला स्पर्श करी आणि तिथले सारे शांत होई. उजवीकडचे हेड त्या शांततेवर डब्याचे नवे स्वर लिही. माझा पट्टा तुटला असता, वीज गेली असती, माझ्या आतला एखादा दिवा जळून गेला असता तरी चालले असते. पण त्या दिवशी माझे सर्व भाग उत्तम चालत होते. पंधरा मिनिटे मी माझे काम निर्दोष केले. ठोके केव्हा थांबले, ते मला कळले नाही.

संध्याकाळी शालिकराम ऐकायला आला. जागेश्वरने ती रचना सुरुवातीपासून लावली. रचना चांगली झाली होती, हे मी यंत्र म्हणून मान्य करतो. शालिकरामने मांडीवर थाप मारली. "वा बे निखारे! आता तरी याले नाव ठेव."

जागेश्वर हसला. तो उठून मला बंद करणार, तेवढ्यात शालिकराम म्हणाला, "थांब, पुढं काही आहे वाटते."

रीळ सोळा मिनिटांचे होते. रचना पंधराची. उरलेल्या फितीवर पुसणारे हेड पोहोचलेच नव्हते. माझ्यातून एकदम कोणीतरी किलबिलू लागले, बारीक आवाजात, घाईघाईने.

शालिकराम खो खो हसला. "हे कोन पोट्टं पाढे म्हनून राहिलं बे?" रुख्माबाईलाही पदरात हसू आले.

जागेश्वर हसला नाही. त्याचा हात हवेत थांबला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले, मग खाटेकडे. नत्थूजी ताठ झाले होते. जागेश्वरने खटका खाली, संथ वेगावर ओढला.

खोलीत नत्थूजींचा आवाज आला.

"...चार, पाच, चाल गा, सहा..."

मागाचा दणका, धोट्याची सळसळ. ज्या जागी तो माग होता त्याच जागी. रुख्माबाई भिंतीला धरून खाली बसली. फेर पुरा झाला, पुढचा सुरू झाला, तोही पुरा झाला. दीड मिनिटाहून थोडे अधिक एवढेच ते होते. मला पुढचे ठाऊक होते आणि मला फीत लांबवता येत नव्हती. "...अकरा, बारा, चाल गा, तेरा."

टोक सुटले. फटफट, फटफट.

त्या आवाजावर खाटेवरून एक ठोका आला, लाकडावर. मग दुसरा. मग तिसरा. चौदा, पंधरा, सोळा. नत्थूजींनी फेर पुरा केला आणि हात छातीवर ठेवला.

मला बंद करून जागेश्वर म्हणाला, "आई, बाकीचं मी पुसलं. तेच होतं ते. बाबा सांगून राहिले होते अन् मले समजलं नाही."

रुख्माबाई त्याला रागे भरली नाही. ती म्हणाली, "नाव काहून नाही लिहिलं गा त्याच्यावर?"

"पुरं नव्हतं झालं."

"तू बारा दिवसाचा होता तवा तुह्यं नाव ठेवलं आमी. तू तवा पुरा झाला होता का?"

जागेश्वरने टाक आणि काळी शाई काढली. तेविसाव्या खोक्यावरचा पेन्सिलीचा आकडा तसाच ठेवून त्याखाली लिहिले: 'बाबांची गणती. अपूर्ण.' मग तो खाली बसला आणि बिननावाची उरलेली छत्तीस खोकी एकेक करून शेवटपर्यंत ऐकू लागला. शालिकराम शेजारी बसून नावे सुचवत होता. या वेळी त्याने एकही थट्टेचे नाव सुचवले नाही. मेळाव्याला जागेश्वर गेला नाही.

पुढच्या वर्षी नत्थूजी गेले. त्याआधी ते दीड मिनिट त्यांना पुष्कळदा ऐकवले गेले. प्रत्येक वेळी शेवटचे तीन ठोके त्यांनी स्वतः दिले.

आता निखाऱ्यांचे कुटुंब मनीषनगरच्या नव्या घरात आहे आणि मी तिथल्या माळ्यावर आहे, मागाच्या लाकडाच्या त्याच कपाटात. माझा रबरी पट्टा वाळून तुटला. तसा पट्टा भैयाजींच्या दुकानात आता मिळत नाही. माझ्याखालच्या प्रत्येक खोक्यावर काळ्या शाईत नाव आहे आणि त्यांतले एकही रीळ मला वाजवता येत नाही. मी तक्रार करत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे यंत्र असेल, तर त्याला महिन्यातून एकदा तरी फिरवा. न फिरवलेला पट्टा आधी सुकतो. आणि तुमच्याकडे अर्धे चित्र, अर्धे गाणे, अर्धी वही असेल, तर आजच तिच्यावर नाव लिहा. पुरे होण्याची वाट पाहू नका. आकड्यावरून ओळखेन, असा भरवसा स्वतःवर ठेवू नका.

एक गोष्ट तेवढी राहिली. तेरापर्यंतची गणती माझ्याखालच्या खोक्यात आहे. मला कोणी पट्टा बसवला तर ती तुम्हालाही ऐकता येईल. पण ते तीन ठोके पडले, तेव्हा मी वाजत होतो, टिपत नव्हतो. ते कोणत्याच फितीवर नाहीत. म्हणून मी ते तुम्हाला सांगून ठेवले.